कोबिना, ओठांपर्यंत

दुरुस्तीवाल्या एबोने लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्याला कान लावला. अराबाने पंखा बंद केला, तेव्हा तिलाही ऐकू आले. काचेवर नख आपटावे तसा आतून बारीक टक् असा आवाज. थोडी शांतता. पुन्हा टक्.

कधीपासून, असे एबोने विचारले. कालपासून, असे तिने सांगितले. खरे तर आवाज रविवारपासून येत होता.

एबो म्हणाला की आता हे यंत्र बंद करायचे नाही. बंद केले तर पुन्हा सुरू होईल याची हमी तो देणार नाही. वेगाचे नंतर बघू. नवी डिस्क घातली, मेमरी वाढवली की म्हातारा पळायला लागेल. पण आधी आतले सगळे बाहेर काढायला हवे. हे तो तिला दोन वर्षे सांगत होता आणि ती दर वेळी गुरुवार पुढे करत होती. अंत्यविधी शनिवारी, म्हणून छपाई शुक्रवारी, म्हणून गुरुवारी मशीन कुणाच्या ताब्यात देता येत नाही. सॉल्टपाँड गावात माणसे मरायची थांबली की दुरुस्तीला देईन, असे ती म्हणायची. आजही गुरुवारच होता.

अराबाच्या दुकानात मेलेल्या माणसांची कामे होत. भिंतीवर लावायची मोठी पत्रके आणि चर्चमध्ये वाटायची पुस्तिका. म्हातारा गेला असेल तर वर 'कृतार्थ जीवन', तरुण गेला असेल तर 'केवढा हा आघात'. मृताचा फोटो बहुतेक वेळा वाईटच असायचा. लग्नाच्या गर्दीतून कापलेला, ओळखपत्रावरचा, कधी शवागारात काढलेला. अराबा डोळे उघडायची, घाम पुसायची, रंग उजळायची, आणि कोळ्यांच्या अंगावर कोट चढवायची. कोट एकच होता. तिचा भाऊ एको व्हिसाच्या फोटोसाठी भाड्याचा कोट घालून बसला होता, तो. गावातल्या निम्म्या मृत पुरुषांचे खांदे एकोचे होते. आपण अजून जिवंत कसे, असे तो सणाला घरी आला की विचारायचा.

दाराजवळच्या बाकावर मामे अमिसा बसल्या होत्या; वयस्कर बाईला इथे मामे म्हणत. शेअर टॅक्सीवाल्याने त्यांना हात धरून आत आणून सोडले होते. त्यांचा मुलगा कोबिना समुद्रावर गेला त्याला दहा वर्षे होत होती आणि परवा मेथडिस्ट चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना होती. त्यासाठी पत्रक हवे होते.

कोबिनाचा फोटो अराबाला नीट माहीत होता. समुद्राने त्याला परत दिले नव्हते. घरात एकच फोटो होता, होडीवाल्यांच्या संघटनेच्या कार्डावरचा, अंगठ्याएवढा, खाऱ्या पाण्याने डागाळलेला. दहा वर्षांपूर्वी मामे अमिसा चार संध्याकाळी तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. पडद्याकडे बघत, केस मागे घे, गाल भर, एवढा काळा नव्हता, असे सांगत होत्या. चौथ्या संध्याकाळी त्या बोलायच्या थांबल्या. तेव्हा अराबाला कळले की काम झाले.

ते कार्ड आता नव्हते. भिंतीवरचे पत्रकही नव्हते. मागच्या मोठ्या भरतीत पाणी घरात शिरले आणि भिंत पडली. बाकीची पत्रके कधीच तळलेल्या मासळीच्या पुड्या बांधण्यात संपली होती. आणि मामेंचे डोळे काचबिंदूने गेले होते. उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. तो चेहरा आता या टकटकणाऱ्या डिस्कवर होता, आणखी कुठेही नव्हता.

"आधी कोबिना घे," अराबा म्हणाली.

एबोने आणलेली डिस्क एका मोडीत काढलेल्या यंत्रातली होती, चांगली, पण लहान. त्याच्या मते आधी नवी कामे घ्यायला हवी होती. दहा वर्षांपूर्वीच्यांसाठी कोण येतंय, असे तो म्हणणार होता. मग त्याने बाकाकडे पाहिले आणि कोबिनाचे फोल्डर नव्या डिस्कवर ओढले. हिरवी पट्टी सरकत गेली, मध्ये अडकली, पुन्हा सरकली.

"आला, मामे," अराबा म्हणाली.

"आला का? पोहोचायला उशीर करायची सवयच होती त्याला."

मग शनिवारचे काम घेतले, मग बाकीचे सगळे. लाइट जाऊ नये म्हणून अराबा मनातल्या मनात देवाशी बोलत होती. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, वीज गेली की सगळे तिथल्या तिथे थांबले असते. समोर मक्याचे उंडे, म्हणजे केंकी, विकणाऱ्या केंकीवालीचा दिवा लागलेला आहे ना, हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती. फोल्डरांची नावे वर सरकत होती. नावांबरोबर तिला काहींचे नातेवाईक आठवत होते. कुणी घासाघीस केली होती, कुणी वडिलांना तरुण करायला सांगितले होते.

थोडेसे उरले असताना पट्टी थांबली. जागा संपली होती.

एबोने सांगितले की सारखे दिसणारे फोटो शोधून जादाचे काढून टाकणारा प्रोग्राम त्याच्याकडे आहे. तुझ्याकडे डबल असतीलच. अराबा हसली. डबल म्हणजे किती. प्रत्येक कुटुंब पाच-पाच वेळा बदल सांगायचे आणि प्रत्येक बदलाची वेगळी फाईल व्हायची. एबोने प्रोग्राम नव्या डिस्कवर लावला आणि जास्त जागा सुटावी म्हणून त्याची नजर थोडी सैल ठेवली. अगदी तंतोतंत नाही, साधारण सारखे दिसले तरी धर. प्रोग्रामने मोठा आकडा दाखवला आणि विचारले, काढून टाकू का, कायमचे. एबोने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, कारण माल तिचा होता. अराबाने हो दाबले.

जागा झाली. उरलेले भराभर आत गेले आणि ती जागा जवळजवळ भरूनही गेली. एबोने पाठ ताणली. आता फक्त खात्री करायची, असे म्हणून तो इकडची तिकडची फोल्डरे उघडू लागला. एका फोल्डरमध्ये प्रार्थनेचा मजकूर होता, फोटो नव्हता. दुसऱ्यातही नव्हता. तिसऱ्यात चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारे कॅटेकिस्ट बेंटसिल होते, कोट घालून, ठणठणीत.

अराबाला एबोच्या आधी कळले. कोट. प्रोग्रामच्या लेखी ते सगळे एकच गृहस्थ होते. तेच खांदे, तीच टाय, तीच निळी पार्श्वभूमी, फक्त वरच्या भागात थोडा फरक. त्याने त्यांतला एक ठेवला होता आणि बाकीचे जादा म्हणून काढून टाकले होते.

तिने कोबिनाचे फोल्डर उघडले. आत भजनांची यादी होती.

"परत आणता येतील?"

एबोने मान हलवली. त्या जागेवर दुसरे लिहिले गेले होते. त्याने ओठ चावला आणि आवाज खाली आणून म्हणाला की कोटातला दुसरा एखादा पोरगा त्याच वयाचा असेल. एवढ्या पत्रकांत. नाहीतरी मामेंना...

"इंजिनियर," मामे अमिसा बाकावरून म्हणाल्या, "मी आंधळी आहे. चर्च आंधळं नाही."

अराबा उठून त्यांच्यापाशी गेली, खाली बसली आणि काय झाले ते सांगितले. आला म्हटले होते तो आला होता. मग तिच्याच हाताने गेला. जुन्या डिस्कवर अजून आहे, पण ती डिस्क मरायला टेकली आहे. मामेंनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा हात काठीवर होता, तो हलला नाही.

"मग इथे काय बसलीस? जा."

एबोने आधी साधी कॉपी करून पाहिली. ती दोनदा मध्येच तुटली. मग त्याने फाईलचे लहान लहान तुकडे वाचणारा प्रोग्राम लावला. एक तुकडा वाचला गेला की तो पुढे जायचा. अडला की पुन्हा तोच वाचून पाहायचा, पुन्हा, पुन्हा. दर वेळी टक् आवाज मोठा येत होता. फोटो वरून खाली साठवलेला असतो, असे एबो म्हणाला. जेवढे तुकडे हाती येतील तेवढा भाग वरून दिसत जाईल. त्याने थोडे तुकडे जमले तसे ते उघडून पाहिले. वर निळी पट्टी होती. खाली सगळे राखाडी.

"कुठपर्यंत आला?" मामेंनी विचारले.

"अजून दिसत नाही. वरचं आकाश आलंय."

पुन्हा टकटक. एबोचा घाम कीबोर्डवर पडला, तो त्याने बाहीने पुसला. अराबाने केंकीवालीच्या दिव्याकडे पाहिले.

"केस," ती म्हणाली.

"मागे आहेत ना?"

"मागे आहेत."

बऱ्याच वेळाने कपाळ आले. डाव्या भुवईवर बघ, असे मामे म्हणाल्या. अराबाने बघितले. खूण होती. लहानपणी वल्हे लागले होते, मामेंनी एबोला सांगितले, जणू तो पाहुणा होता आणि त्याला घरातले माहीत नव्हते. एबोने हो मामे म्हटले.

मग डोळे आले. अराबाने तसे सांगितले. मामेंनी विचारले.

"कुठे बघतोय?"

"समोर, मामे."

"कार्डावर खाली बघत होता. मी तुला सांगितलं होतं, वर बघू दे त्याला."

"हो. सांगितलं होतं."

नाक आले. त्यानंतर प्रोग्राम एकाच तुकड्यावर इतका वेळ अडला की एबोने खुर्ची मागे सरकवली. सरकला. वरचा ओठ आला आणि खालच्या ओठाची कड. पुन्हा अडला. टक्, टक्, मग भराभर टकटकटक, आणि मग काहीच नाही.

पंखा बंद होता. बाहेर कुणीतरी भाव करत होते. एबोने कीबोर्डवर काहीतरी दाबले, पुन्हा कान लावला. लॅपटॉपचा पडदा गोठला होता, जुनी डिस्क आता वाचलीच जात नव्हती. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कोटातले बाकीचेही त्या डिस्कबरोबर गेले होते. त्यांच्या घरी जाऊन भिंतीवरची पत्रके मागून आणावी लागतील, काही मिळतील, काही नाहीत. हे सगळे अराबाला कळत होते, पण लांबून. तिने नव्या डिस्कवरचा तो फोटो, जेवढा होता तेवढा, एबोने पिशवीतून काढलेल्या त्याच्या यंत्रावर उघडला आणि पुन्हा फोनवर, आणि पुन्हा पेन ड्राइव्हवर घेतला. तिन्ही ठिकाणी तो ओठांशी संपत होता.

"बोल," मामे म्हणाल्या.

"ओठांपर्यंत आहे. वरचा ओठ पूर्ण, खालचा थोडासा. त्याच्या खाली राखाडी आहे."

"कोट?"

"कोट नाही. तो घालता येईल, तो माझ्याकडे आहे. पण मधलं नाही. हनुवटी, जबडा."

"तू केला होतास तो चेहरा. कर पुन्हा."

अराबाने पडद्याकडे पाहिले. तिने आठवायचा खरेच प्रयत्न केला. दहा वर्षांत तिच्या हाताखालून इतक्या हनुवट्या गेल्या होत्या की समोर यायची ती कुणाचीही येत होती.

"मला आठवत नाही, मामे. मी काढेन, आणि लोकांना खपेलही. पण ती त्याची नसेल."

एबोने मामेंना पाणी हवे का विचारले, त्यांनी नको म्हटले. मग त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि चेहरा हळूहळू इकडून तिकडे फिरवला, गालाला ऊन लागेपर्यंत.

"दार इकडे आहे ना?"

"हो."

"मग उजेड इथे बरा." त्यांनी डोक्याच्या रुमालाचे टोक सोडून तोंड पुसले, आधी कडा, मग हनुवटी, आणि रुमाल पुन्हा घट्ट बांधला. "डोळे त्याच्या बापाचे होते. नाकही. नाकाखालचं सगळं माझं. त्याचा बाप चिडवायचा, अर्धा तरी माझा आहे म्हणून."

अराबाने फोन हातात घेतला.

"सुरकुत्या आहेत," मामे म्हणाल्या. "त्या तुला काढता येतात. सगळ्यांच्या काढतेस."

"येतात."

"वय किती धरशील?"

"सव्वीस."

मामेंनी मान डोलावली. अराबा त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि फोन त्यांच्या तोंडाच्या उंचीवर धरला. कोबिना समोर बघत होता, म्हणून तिने मामेंनाही समोर बघायला सांगितले, आणि ओठ मिटायला. मामेंनी ओठ मिटले. हनुवटी थोडी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुकानाची काच थरथरली, पण त्या हलल्या नाहीत. अराबा फोन मागेपुढे करत तोंड चौकटीत बसवत होती. तोपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.