पोळ्याच्या दिवशीचा रूळ

निंभारीच्या तळावर एकही विमान मुक्कामाला नसे. लढाईच्या वर्षांत, वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा, अकोटच्या पुढे काळ्या रानात सरकारने मुरूम टाकून एक लांब पट्टी केली होती. दूरच्या विमानांना अडचण आली तर उतरायला जागा, एवढाच तिचा उपयोग. आठवड्यातून एखादं विमान येई, कधी महिना महिना काहीच नाही. टिनाच्या चार खोल्या, पेट्रोलची पिपं, बिनतारी यंत्र, वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, बारा शिपाई आणि हॅलम नावाचा एक पोरसवदा साहेब. पावसाळ्यात सामानाची लॉरी रस्त्यात रुतून बसली की साहेबासकट सगळे आठ आठ दिवस डाळ-तांदळावर काढत. साहेबाला हिवताप आला की माझी आई पेज पाठवायची. ती पिऊन तो भांडं स्वतः विसळून परत आणून द्यायचा, आणि आईला त्याचंच फार कौतुक वाटे.

माझे वडील मोरोपंत, आमचे नाना, अकोल्याची मास्तरकी सोडून तिथे कारकून आणि दुभाषी म्हणून गेले होते. मी अकरा वर्षांची होते. टिनाच्या एका खोलीत आम्ही राहत होतो. गावातले लोक नानांना मास्तरच म्हणत.

पट्टीखाली गेलेल्या जमिनीत नऊ एकर नत्थुजींचे होते. जमीन घेताना कागद समजावून सांगायचं काम नानांकडे आलं. नत्थुजी फार बोलणारे नव्हते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं होतं, "रूळ कोन ओढीन?"

काळी माती पावसाने फुगते, उन्हाने फाटते, आणि वरचा मुरूम उचलून टाकते. म्हणून पावसाळाभर पट्टीवर दगडी रूळ फिरवावा लागे. यंत्राचा रूळ त्या रस्त्याने येणं शक्य नव्हतं. नाना म्हणाले, "तुमचेच बैल ओढतील. काम तुम्हालाच मिळेल."

"मंग एक गोठ. पोळ्याच्या दिवशी माह्या बैलाइच्या खांद्यावर जू येनार नाई."

"नाही येणार. माझा शब्द."

नानांनी तो शब्द सहज दिला. वर्षातला एकच दिवस, त्यात काय, असं वाटलं, हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. नत्थुजींनी अंगठा उठवला.

दुसऱ्या वर्षी, चव्वेचाळीस साली, पोळ्याच्या आधी पाच दिवस पाऊस लागून होता. पट्टीचा पूर्वेकडचा भाग, जिथून नाल्याकडे उतार होता, पार उकलला होता. पाऊस थांबला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी. त्या संध्याकाळी मी नत्थुजींच्या घरी खांदे शेकणं बघायला गेले होते. त्यांनी हळद-लोणी घेऊन दोन्ही बैलांचे खांदे चोळले आणि पळसाच्या पानाने शेकले. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यांचा धाकटा भाऊ चंद्रभान मागून म्हणाला, "दादा, मले कवा देतं आवतन? मीबी वर्षभर राबून राहिलो."

"तुले आवतन कायले लागते? तू त बिनआवतनाचाच जेवतं," नत्थुजींची बायको कौशल्या चुलीपाशी बसून म्हणाली.

पोळ्याच्या सकाळी दहाच्या सुमारास बिनतारीवर निरोप आला. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून जखमी शिपाई घेऊन एक डकोटा विमान पश्चिमेकडे निघालं होतं. त्याच्या उतरण्याचं नेहमीचं मैदान पाण्याखाली गेलं होतं. ते चारला निंभारीत उतरणार, पेट्रोल भरून पुढे जाणार. दुसरी जागा पेट्रोलच्या आवाक्यात नव्हती.

साहेब पट्टीच्या पूर्व टोकाला जाऊन आला. त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत मुरूम चिकटला होता. नानांना म्हणाला, बैल घेऊन या. चाक रुतलं तर विमान उलटं होईल.

नाना गावात निघाले. मी मागे मागे. नत्थुजींच्या दारात बैल धुऊन उभे होते. शिंगांना बेगड लावून झाली होती, पाठीवर झुली घालायच्या होत्या. घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता.

नानांनी सगळं सांगितलं. नत्थुजी बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ बांधत होते. ती बांधून ते वळले.

"मास्तर, सबद तुमी देल्ला होता."

"दिला होता. मोडायला आलोय."

"माह्यासमोर मोडा. त्याइच्यासमोर कसा मोडान? काल संध्याकाळी म्या त्याइले आवतन देल्लं."

तेवढ्यात साहेब दोन शिपाई घेऊन मागून आला. तो नानांना इंग्रजीत काही बोलला. मला ते कळलं नाही. नानांचा चेहरा मात्र मला दिसत होता. साहेब काय म्हणाला ते नानांनी मला पुढे सांगितलं: त्याला सांग, तो जुंपत नसेल तर माझे शिपाई जुंपतील. नानांनी ते वाक्य मराठीत आणलंच नाही. साहेबाने पुन्हा सांगितलं, तरी नाही. नोकरी त्या क्षणी गेली असती.

नत्थुजींना शिपायांच्या बंदुका दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, इमानात बैल हायेत का माणसं?"

"माणसं. एकोणीस जखमी. वर चालवणारे वेगळे."

"माणसाइले उतरवाचं हाय, मंग माणसंच ओढतीन. चंद्र्या, दोर काढ."

"घ्या," चंद्रभान म्हणाला, "आवतन मांगतलं त जू भेटलं." पण दोर घ्यायला सगळ्यांत आधी तोच गेला.

बाराच्या आत गावातली चाळीसेक माणसं पट्टीवर जमली. सणाचे धुतलेले कपडे तसेच अंगावर. कौशल्याबाई पिठाचे हात घेऊन आल्या, त्यांच्या मागे आणखी बाया. शिपायांनीही बंदुका ठेवल्या. रुळाच्या दांडीला जू होतं तसंच ठेवलं. एका बाजूला नत्थुजींनी खांदा दिला, दुसऱ्या बाजूला चंद्रभानने. बाकीचे पुढे दोन दोरांना. नानांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि दोराला हात घातला. भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाचे पांढरे दंड तेव्हा मी पहिल्यांदा उन्हात पाहिले. साहेब थोडा वेळ बघत राहिला, मग तोही नानांच्या मागे दोराला लागला.

सपाटीवर काम बरं चाललं. चंद्रभान जुवाखालून ओरडत होता, "दादा, तुह्यापक्षा तो तांबडा बैल बरा, बोलत तरी नाई." लोक हसत, आणि हसण्यात रूळ चार हात पुढे सरके. दोन वाजेपर्यंत अर्ध्याहून जास्त झालं.

उताराचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. बैल रूळ ओढतात, तसाच उतारावर तो मानेने मागे तोलूनही धरतात. तिथे आले की ते आपोआप पाय रोवत, त्यांना कोणी सांगत नसे, म्हणून माणसांना ते ठाऊकच नव्हतं. दोर पुढे ओढता येतो, त्याने मागे धरता येत नाही. उताराला लागल्यावर आमची माणसं होती तशीच ओढत राहिली. दोर एकदम सैल पडले. रूळ आपल्या वजनाने निघाला. नत्थुजी जुवाखालून बाहेर फेकले गेले. चंद्रभानचा पाय ओल्या मुरुमात घसरला.

रूळ त्याच्या डाव्या पायावरून गेला आणि पुढे नाल्याच्या बांधाला अडून थांबला.

मी तो आवाज ऐकला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

नानांनी स्वतःचं धोतर फाडून पाय करकचून बांधला. कौशल्याबाईंनी दिराचं डोकं मांडीवर घेतलं. पट्टीचा शेवटचा तुकडा तसाच उकललेला होता, आणि विमान यायला दीड तास उरला होता. नत्थुजी उठले आणि कोणाशी न बोलता गावाच्या दिशेने चालू लागले.

चंद्रभानने डोळे उघडले. "दादा. कोठी जाऊन राहिला?"

"बैल आनतो."

"थांब." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आता त्याइच्यावर जू ठेवशीन त माहा पाय फुकट गेला."

नत्थुजी पाठमोरे उभे राहिले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मग ते परत फिरले, नाल्यापाशी गेले आणि जुवाच्या त्याच बाजूला खांदा दिला. दुसऱ्या बाजूला नाना गेले. या वेळी दहा माणसं रुळाच्या मागे दोर घेऊन राहिली, उतारावर तोलून धरायला. कोणी हसलं नाही. पावणेचारला रूळ पट्टीबाहेर निघाला.

विमान उतरलं. पूर्व टोकाला त्याची चाकं थोडी दबली, पण थांबली नाहीत. त्यात एक लष्करी डॉक्टर होता. त्याने चंद्रभानचा पाय बघितला, साहेबाशी बोलला, आणि पेट्रोल भरून होताच चंद्रभानला त्याच विमानात घालून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. झोळीवरून चढवताना त्याने नत्थुजींना हाक मारली. "दादा, आपल्या सात पिढ्याइत इमानात कोनी बसलं नाई."

नत्थुजी विमानाच्या दारापर्यंत झोळीला हात लावून गेले.

पुढच्या तीन महिन्यांत चार पत्रं आली, दवाखान्यातल्या कुणा बाईने लिहिलेली. नाना ती नत्थुजींना वाचून दाखवत. पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. गावात बोलणं सुरू झालं होतं. पाणवठ्यावर बाया म्हणत, बैलाचा खांदा राखला न् भावाचा पाय घालवला. नत्थुजींच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत. नानाही रात्री जेवताना मधेच थांबत. एकदा आई म्हणाली, "तुम्ही काय केलंत? तुम्ही तर शब्द पाळलात." नाना म्हणाले, "पाळला नत्थुजींनी. मी नुसता देऊन टाकला होता."

मार्गशीर्षात चंद्रभान परत येणार असल्याचं कळलं. नत्थुजी आमच्या खोलीशी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी चाला संगं. मी एकटा त्याच्यासमोर उभा राहू नाई शकत." अकोल्याच्या स्टेशनावर आम्ही तिघं बंडी घेऊन गेलो. चंद्रभान कुबडीवर उतरला. गोरा झाला होता, वजन वाढलं होतं. फलाटावरच नत्थुजी खाली वाकले आणि त्यांनी धाकट्या भावाच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं. मोठ्याने लहानाच्या पाया पडायचं नसतं. चंद्रभान ओशाळला, कुबडी सावरत इकडेतिकडे बघू लागला.

"उठ ना दादा. लोक पाह्यून राहिले. म्या तुह्यासाठी थोडीच केलं? ते एकोनीस माणसं वरून येऊन राहिले होते."

"अन् मी बैल आनाले निंघालो होतो," नत्थुजी म्हणाले.

"निंघाला होता. पन आनले नाई."

नत्थुजी उठले. चंद्रभानला बंडीत चढता येईना, तेव्हा त्यांनी त्याला लहान पोरासारखं उचलून आत बसवलं आणि कासरे हातात घेतले. उतार आला की ते खाली उतरत आणि बैलांच्या पुढ्यात जुवाला छाती लावून बंडी स्वतः तोलून धरत, घर येईपर्यंत.