अळणी मासा

आईची अट साधी होती. बाबांचं पथ्याचं जेवण मला जमलं तर ती परदेशात, लास पाल्मासच्या मासळीच्या कारखान्यात आणखी एक वर्ष काढणार. नाही जमलं तर महिनाअखेरीला घरी. करारावर सही उद्या सकाळी. म्हणजे परीक्षा आजच्या रात्रीच्या जेवणाची, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच नापास व्हायचं ठरवलं होतं!

अडचण एवढीच, की नापास होणं मला जमत नाही. गेल्या महिन्यात मी वर्गाची प्रतिनिधी झाले, तीही बावीस मतांनी. तेव्हापासून माझा आवाज दोन गल्ल्या पलीकडे समुद्रापर्यंत जातो, असं उलिमाता आत्या म्हणते.

पथ्य कसलं, तर बाबा होडी रंगवता रंगवता चक्कर येऊन वाळूत पडले होते. रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ चिमटीवर आणलं, तेल चमच्यावर, आणि बाजारची खारट मसाल्याची वडी साफ बंद केली. वडी बंद म्हणजे आमच्या गेत-न्दारच्या कोळीवाड्यात चूलच बंद झाल्यासारखं.

शाळेतून थेट किनाऱ्यावर गेले. मासळीवाली जोप आडनावाची, मी न्जाय; या दोन घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं, तेव्हा चिडवणं आलंच.

"काय गं न्जायांच्या पोरी, मासा कशाला? भाताचं पोतं ने. तुमच्या घराण्याला तेवढंच कळतं."

"जोपांना तेवढंही कळत नाही. आणि हा तांबुसा बघ, डोळे तुझ्यासारखे पेंगलेत!"

ती खदखदून हसली आणि टोपलीच्या तळातून ताजा, लालभडक तांबुसा काढून दिला. "आई कशी आहे?"

"येतेय," मी म्हटलं. म्हणून टाकलं.

माझा बेत असा: मासा नुसता पाण्यात उकडायचा. पांढराफटक. बाबा दोन घास खाऊन हात धुतील, आईला कळेल, संपलं. मी पातेलं ठेवतच होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून आत्या आली.

"हे काय, मांजराचं बाळंतपण आहे का?"

"पथ्य आहे, आत्या."

"पथ्य आहे, शिक्षा नाही. वर्गात भाषणं ठोकतेस आणि माशात भरायचा रोफ कुटता येत नाही?"

येत नाही? मला? मी खलबत्ताच ओढला. पार्सलीची जुडी, पातीचा कांदा, लसूण, मिरी, एक हिरवी मिरची, मिठाची चिमूट. दहा-बारा घाव घातले आणि तो हिरवा वास वर आला. माझ्या हातांनी माझं ऐकणंच सोडून दिलं. आईला जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून आमच्या घरात खलबत्ता वाजलाच नव्हता. आत्याकडचा वडी घातलेला डबा यायचा.

माशाला दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या, बोटाने रोफ आत दाबला, शेगडीवर टाकला. तोवर अंबाडीचा पाला उकडून घोटला. अर्ध्या तासात सगळं तयार. वडीची आठवणसुद्धा आली नाही.

कण्यांच्या भाताच्या परातीभोवती आम्ही तिघं बसलो आणि कोणीच माशाला हात लावेना. मासा मोडून प्रत्येकाच्या पुढ्यात सारायची ती आई. आत्याने मला कोपर मारलं.

"बघतेस काय? मोड."

मी मोडला. पोटाकडचा मऊ तुकडा बाबांच्या पुढ्यात सारला.  भात संपला, तुकडा संपला, मग त्यांनी माशाचं डोकं उचललं आणि डोळ्यांच्या खोबणीपर्यंत चोखलं.

तेवढ्यात आईचा फोन. पडद्यावर तिचा चेहरा, डोक्यावर अजून कारखान्याची जाळीची टोपी.

"कसं झालंय?"

बाबांनी माशाचं डोकं हळूच परातीच्या कडेखाली सरकवलं. "अळणी," ते म्हणाले. "ओलं जाळं चावल्यासारखं. पोरीला नाही जमत, यासिन. तू ये."

मी बघतच राहिले. बाबांनाही मला नापास करायचं होतं! मी फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच.

"खोटं!" मी ओरडले. "साफ खोटं, आई! डोकं चोखून चोखून खाल्लंय त्यांनी! खाली लपवलंय, बघ!"

आत्याने कपाळावर हात मारला. बाबांनी डोळे मिटले. मला कळेपर्यंत उशीर झाला होता.

आई आधी हसली. मग विचारलं, "मोडला कोणी?"

"मी."

"बाबांना कुठला दिलास?"

"पोटाकडचा."

 तिच्या मागे कोणीतरी पाईपने फरशी धूत होतं. "मीही तोच द्यायचे," ती म्हणाली. "मग सही करते उद्या. एकच वर्ष, कोदू. तू आहेस ना."

मीठ जास्त झालं होतं, भात कच्चा होता, मला शाळेमुळे वेळच नसतो... काय काय म्हणता आलं असतं. 

"चल, ठेवते. कारखान्याची गाडी निघेल."

"आई, लिंबू आधी पिळायचं की नंतर?"

"नंतर गं. उतरवल्यावर."

"आणि मिरी? अख्खी घालायची की भरडून?"

"भरडून. किती वेळा..." ती थांबली, आणि पुढे सावकाश सांगू लागली.

मला सगळं येत होतं. बाबा परात बाजूला करून माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "अंबाडीचं विचार."