कटवाइकचा शनिवार

वाउटर आणि मी लायडनच्या एका प्रयोगशाळेत कालव्यांचं पाणी तपासतो. आमची टेबलं समोरासमोर आहेत. इतक्या वर्षांत त्याने स्वतःच्या घराबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. जूनमध्ये एकदा कॉफी घेताना तो म्हणाला, "योरीन, शनिवारी मोकळी आहेस? कटवाइकला जाऊ. मी तिथला."

"सायकलने तासाभराचीही वाट नाही, आणि हे आज सांगतोस?"

"तू विचारलंस कधी?"

शनिवारी निघालो. नदीच्या कडेने जाताना सबंध वाट वारा तोंडावर होता. वाउटर पन्नाशीचा, पण माझ्या पुढे होता.

गावात शिरल्यावर तो सायकलवरून उतरला आणि ढकलत चालू लागला. ही माझी शाळा, इथे बायका जाळी दुरुस्त करायच्या, इथे आता सुट्टीवर येणारे लोक राहतात. दुसऱ्याच कुणाचं गाव दाखवत असल्यासारखं तो सांगत होता. दुसऱ्या दिवशी रविवार, त्या दिवशी इथे कामाला हात लावत नाहीत, म्हणून घरोघरी खिडक्या धुणं चाललं होतं. एका दारातल्या म्हातारीने ओला स्पंज हातात तसाच धरून त्याला हाक मारली.

"अरे, तू लेनचा धाकटा भाऊ ना?"

"नाही हो आजी. दुसरंच कुणीतरी वाटलं तुम्हाला."

"असेल बाबा. चालतोस मात्र थेट त्याच्या बापासारखा," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा काचेला लागली.

आम्ही किनाऱ्यावर आलो. पाणी ओहोटीला लागलं होतं, ओली वाळू पायाखाली घट्ट होती. किनाऱ्यावरचं पांढरं चर्च मागे पडल्यावर मी विचारलं.

"लेन कोण?"

"भाऊ. थोरला."

"मग त्या आजीशी खोटं का बोललास?"

"तिने संध्याकाळपर्यंत गावभर केलं असतं."

मग चालता चालता, समुद्राकडे बघत, त्याने सगळं सांगितलं. तरुणपणी त्याने चर्च सोडलं. वडील त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. मरताना त्यांनी लेनकडून वचन घेतलं, की वाउटरला मातीला बोलवायचं नाही. लेनने वचन पाळलं आणि माती झाल्यावर फोन केला. वाउटरने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"त्याने मोडायला हवं होतं वचन?" मी विचारलं.

"लेन वचन मोडत नाही. लहानपणी आम्ही त्यावरूनच त्याची चेष्टा करायचो."

वाळूवरून धक्क्यावर चढलो तेव्हा तो थांबला. थोड्या अंतरावर माशांची एक टपरी होती, समोर चार माणसं उभी.

"ती त्याची. तू जा आणि दोन खारवलेले हेरिंग मासे घेऊन ये. मी इथे बाकावर बसतो."

"म्हणजे यासाठी मला आणलंस?"

"एकट्याने आलो असतो तर इथवरसुद्धा पोचलो नसतो," तो म्हणाला आणि टपरीकडे पाठ करून बसला.

मला राग आला होता, तरी गेले. लेन भावापेक्षा जाड, लाल मानेचा माणूस. मासा साफ करताना त्याचं हाताकडे लक्षही नव्हतं.

"कुठल्या तुम्ही?"

"लायडनच्या."

"म्हणजे तुकडे करून पाहिजेत. शेपटीला धरून खायला शहरातल्या लोकांना लाज वाटते."

"अख्खेच द्या. दोन."

"दोन? एकट्याच दिसताय."

"सहकारी आहे बरोबर. तिकडे बसलाय."

लेनने मान वर केली. बाकाकडे बघितलं आणि बघतच राहिला. रांगेत माझ्या मागे असलेल्या बाईने घसा खाकरला. त्याने दोन मासे पुठ्ठ्याच्या ताटल्यांत ठेवले, एकावर चिरलेला कांदा घातला आणि दुसरा तसाच ठेवला.

"हा बिनकांद्याचा त्याला," तो म्हणाला. "तुमच्या सहकाऱ्याला लहानपणापासून कांदा सोसत नाही."

मी ताटल्या घेऊन बाकाशी आले. वाउटरने आपल्या ताटलीकडे बघितलं.

"कांदा नको असं तू सांगितलंस?"

"मला काय माहीत तुला नको ते?"

त्याने मासा खाल्ला नाही. ताटली घेऊन उठला आणि टपरीकडे गेला. वाऱ्यात मला काही ऐकू येत नव्हतं. लेनने गिऱ्हाइकांना थांबवलं, फडक्याला बराच वेळ हात पुसले. दोघांनी एकमेकांना स्पर्श केला नाही. मध्ये फळी होती, ती तशीच राहिली. मग वाउटर परत आला.

"काय म्हणाला?"

"मी जाड झालोय म्हणाला. मी म्हटलं, तू कुठे बारीक आहेस? संध्याकाळी दुकान बंद केल्यावर वडिलांच्या कबरीवर नेतो म्हणाला."

"जाणार?"

"वचन मातीपुरतं होतं म्हणतो. कबरीचं त्यात काही नव्हतं." वाउटर हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "तुला एकटीला परत जावं लागेल. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. राग अजून पुरता गेला नव्हता, पण तो सांगायची ही वेळ नव्हती.

सोमवारी तो नेहमीसारखा टेबलाशी बसला. पाण्याचे नमुने आले होते, ते आम्ही लावून घेतले. दुपारी मीच विषय काढला.

"कसं झालं?"

"भांडलो."

"कबरीवर?"

"फाटकापाशी. तो म्हणतो, त्या दिवशी मी फोन ठेवायला नको होता. मी म्हणतो, त्याने आधी करायला हवा होता. अंधार पडेपर्यंत चाललं. मग त्याच्या बायकोने जेवायला बोलावलं. त्याचे गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही. छपराची पन्हाळी पानांनी तुंबलीय."

पुढच्या शनिवारी तो पन्हाळी साफ करायला कटवाइकला गेला. मला त्याने विचारलं नाही. मी बहिणीकडे गेले.