शिपायाच्या कानातली माशी

बोहिन्यच्या खोऱ्यात माणसाचं कूळ कुणी विचारत नाही. त्याच्या मधमाश्यांचं विचारतात. येर्नेयच्या घरी चार पिढ्या निव्वळ करड्या माश्या. त्यामुळे सफरचंदाच्या मोहरावर तांबूस बुडाची, काळ्या डोक्याची अनोळखी माशी दिसली, तेव्हा तो शिडीवरच मटकन बसला. शनिवारी तपासनीस बाई येणार होत्या. इटलीची माशी घुसलेली आढळली, की राणीमाश्या विकायचा परवाना गेलाच.

शेजारचा ब्लाझ कुंपणावर कोपरं टेकून होताच.

"येर्नेयदादा, इटलीचं स्थळ आलंय म्हणे. आहेराला काय आणू?"

तीन दिवस येर्नेय माशीच्या मागे होता. ती मोहरात, तो मोहराखाली. ती ओढ्याकाठच्या चिखलात, तो तिच्याहून खोल चिखलात. बायको मार्येता सूप शिडीपाशी ठेवून जायची आणि जाता जाता पाहुणीचीही विचारपूस करायची.

शनिवारी सकाळी माशीचं घर सापडलं. पेट्यांपुढे पणजोबांनी कोरलेला पुरुषभर उंचीचा लाकडी शिपाई उभा होता. परक्या माशीला आत सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. माशी थेट त्याच्या डाव्या कानातल्या भोकात शिरली.

मार्येताने गुपचूप मेणाचा गोळा पुढे केला. बाई यायला दहा मिनिटं होती. येर्नेयने तो कानापाशी नेला. तेवढ्यात माशी बाहेर आली, त्याच्या अंगठ्यावरून चालत गेली आणि चिखलाची गोळी घेऊन परतली. येर्नेयने मेण खिशात टाकलं.

"पोरंबाळं असतील तिची," तो म्हणाला. "आपल्या घरात माशीचं दार कुणी बंद केलेलं नाही."

बाई आल्या तेव्हा पेट्यांच्या आधी त्याने त्यांना तो कानच दाखवला. बाई बराच वेळ शिपायाच्या कानाशी लागल्या होत्या. काही गुपित चालल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी सांगितलं, ही इटलीची नव्हे, इथलीच गवंडी माशी. पोळं नाही, राणी नाही. एकटी राहते, भोकात अंडी घालते, चिखलाने दार लिंपते. पेट्यांतल्या सगळ्या माश्या करड्या निघाल्या. परवाना राहिला.

ब्लाझ कुंपणावर वाटच बघत होता.

"तुझ्या पन्नास पेट्यांत," येर्नेयने त्याला विचारलं, "स्वतःचं घर स्वतः बांधणारी एक तरी आहे का रे?"

ब्लाझने कोपरं उचलली आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी येर्नेयने शिपायाच्या बाहीवर तांबडी पट्टी रंगवली. दीडशे वर्षांच्या नोकरीत ही त्याची पहिली बढती. मग गिरमिट आणून त्याने उजवा कानही कोरायला घेतला.