फर्लांगभर अलीकडे

मित्रांनो, मी जुना मैलाचा दगड आहे. कामशेतच्या जरा अलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला माझा सारा जन्म गेला. माझ्या एका अंगावर ‘लोणावळा १०’ असं कोरलेलं आहे आणि ते मी छातीठोकपणे सांगत आलो. मधली काही वर्षं मात्र ते खोटं होतं. दोष माझा नव्हता, पण लपवणारही नाही.

जवळच्याच खाणीतून मला काढलं. पाथरवटाने अक्षरं कोरली, चुना फासला आणि रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या पलीकडे, विठाबाईच्या भातखाचराच्या बांधाला लागून मला उभं केलं. गाडीवान माझ्याकडे बघून बैल हाकायचे की सोडायचे ते ठरवत. थोडा तोरा होता अंगात, नाही कशाला म्हणू?

छप्पन सालच्या पावसात मोरी खचली. दुरुस्तीसाठी मला उपटून बाजूला टाकलं. श्रावणात काम उरकलं आणि साहेब पाहणीला येणार म्हणून मुकादमाने बहिरूला घाईने मला उभं करायला सांगितलं. बहिरू हा डोंगरवाडीतला, रस्त्याच्या टोळीवरचा गडी. त्या दिवशी नेमकी नागपंचमी. नागपंचमीला जमिनीला पहार लावायची नाही, हे त्याच्या घरी काटेकोर पाळलं जाई, आणि माझी जुनी जागा तर दगडमातीने बुजून गेली होती. तिथून लोणावळ्याच्या बाजूला फर्लांगभर, म्हणजे मैलाचा आठवा भाग, अलीकडे झाड लावण्यासाठी आधीच खणलेला एक खड्डा होता. बहिरूने तिघांना हाताशी घेऊन मला त्यात बसवलं. उद्या हलवू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला भलत्याच कामावर धाडलं, आणि ते हलवायचं राहूनच गेलं.

सात वर्षांनी दत्तोबा आला. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधला हा फिटर, वय चाळिशीचं. हौस म्हणून धावायचा. सुरुवात तुंगार्लीच्या तळ्याला एक फेरी मारून केली, तेव्हा लोक विचारत, मागे कुत्रं लागलंय की पोलीस? तो हसून पुढे जाई. मग वलवण झालं, मग कार्ल्याचा फाटा झाला. अशी दोन वर्षं गेली आणि एका रविवारी सकाळी तो माझ्यापाशी पोचला. दोन्ही हातांनी मला धरून तो रडला. दहा मैल, एवढंच म्हणाला. मला असं आजवर कुणी धरलं नव्हतं. आनंद झाला आणि लाजही वाटली.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी पॅसेंजरने कामशेतला उतरून चालत आला, बूट पिशवीत. बहिरू माझ्याभोवतीचं गवत काढत होता. त्याने सहज विचारलं आणि दत्तोबाने मन मोकळं केलं. गाठायचं ते गाठलं, आता सकाळी पायच उठत नाहीत. बूट कुणाला तरी देऊन टाकणार होता. शिवाय त्याची बायको येसूबाई म्हणे, तुम्ही धावत होता तेव्हा घरात माणसासारखे वागत होता.

बहिरूचा विळा थांबला. दगड चुकीच्या जागी बसवल्याचं वर कळलं असतं तर टोळीवरून त्याचं नाव गेलं असतं. तरी तो बोलला.

“भाऊ, धा मैल झालंच न्हाईत. ह्यो दगड मीच हितं बसवलाय. खरी जागा मोरीच्या पल्याड हाय, फर्लांगभर.”

दत्तोबाचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा धावत नाही, आणि बहिरूचीही नोकरी घालवतो. त्याने माझ्यावरच्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग पिशवीतून बूट काढून नाड्या बांधू लागला.

“चला बहिरूभाऊ, दाखवा कुठं होता तो.”

दोघं धावले. बहिरू अनवाणी असून केव्हाच मोरीपलीकडे जाऊन उभा राहिला. दत्तोबा धापा टाकत पोचला आणि खो खो हसत सुटला.

“लय भारी पळता की,” तो बहिरूचीच बोली उचलून म्हणाला.

“आमी तिकोणा गडाकडं रोजच असं जातो. तितं दगडच न्हाईत मोजायला,” बहिरू म्हणाला.

पुढच्या रविवारपासून दोघं तिकोणा पेठेच्या वाटेने जाऊ लागले. कधी दोन मैल, कधी किती ते त्यांनाच ठाऊक नसे. शेडमधल्या आणखी दोघांना दत्तोबाने तळ्याच्या एका फेरीला लावलं. महिन्यातून एकदा तो माझ्याकडे येई, अंगावर थाप देई आणि न थांबता मोरीकडे जाई. बहिरूची तक्रार त्याने वर कधीच केली नाही.

मग किलोमीटरचे दगड आले. मला फोडून खडी करायची ठरली. तेव्हा हे दोघे विठाबाईला विचारून, मला बैलगाडीत घालून तिच्या बांधाला घेऊन गेले. बहिरूने आधी तिथी विचारून घेतली आणि मगच पहार मारली. आता मी खऱ्या जागी उभा आहे, पण मैल कुणी विचारत नाही.

मित्रांनो, माझा चुना उडाला आहे. जमलं तर वर्षातून एक हात मारा, अंगावर थुंकू तरी नका. धावत आलात तर मला धरा, रडू आलं तर रडा, आठवडाभर विसावाही घ्या. बूट मात्र देऊन टाकू नका. मी दगड असून फर्लांगभर पुढे आलो, तुम्हाला तर पाय आहेत.