पलंगाखालचे दुधाचे डबे

माझ्या नातीला, आयेनला, चार-चार दिवस शी व्हायची नाही. तीन वर्षांची पोर. दाराआड जाऊन चवड्यांवर उभी राहायची, पाय आवळून, तोंड लालबुंद. जवळ गेलं की मलाच ढकलायची. "लोला, नको. दुखतं." लोला म्हणजे मी, तिची आजी.

दोष कुणाचा म्हणाल तर माझाच. तिची आई जोव्ही, माझी लेक, हाँगकाँगला दुसऱ्यांचं मूल सांभाळते. तीन-चार महिन्यांनी तिचा खोका येतो. साबण, टॉवेल आणि दुधाच्या पावडरीचे सहा मोठे डबे. आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलोत खोक्यातल्या वस्तूला कुणी नको म्हणत नाही. डबे मी खिडकीतल्या फळीवर मांडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे, आणि पोरीला दिवसातून पाच बाटल्या पाजायची. आईने पाठवलंय, वाया कसं घालवायचं? दुधानेच पोट भरलेलं, भाताला ती तोंड लावायची नाही. मी मात्र लोकांना तिचे गुबगुबीत गाल दाखवत फिरायची.

शेवटी आरोग्य केंद्रातली नेनिता घरी आली. शिवणकाम माझ्याकडेच शिकलेली पोर, मला तिया म्हणजे मावशी म्हणते, पण जिभेला हाड नाही. फळीकडे बघून म्हणाली, "तिया, दुकान काढलंत वाटतं."

"पोरीसाठी आहे ते."

"पोरीचं पोट त्यानेच बांधलंय. बाटली बंद. दिवसाला दोन छोटे कप दूध, त्यावर थेंब नाही. सकाळी पिकलेली पपई द्या. जेवणात मूग आणि शेवग्याचा पाला, मधल्या वेळी रताळं. पाणी भरपूर. जेवण झालं की पाच मिनिटं शीला बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा आणि रागवायचं नाही." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "शेवटचं जमेल का तुम्हाला?"

तेच जमेना. बाटलीसाठी पोर दोन दिवस रडली, पाल्याचा घास थुंकली, आणि मी ओठ चावून गप्प बसायला शिकले. परसातल्या झाडाची पपई मात्र आवडली तिला. आठवड्याभराने एका सकाळी पाटावर पाय ठेवून बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "लोला, दुखलं नाही." मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

त्याच रविवारी जोव्हीला सांगायला हवं होतं. रविवार तिच्या सुट्टीचा, त्या दिवशी तिचा फोन यायचा. "दूध पितेय ना? दाखव मला." फोनवर तोंड दिसायचं तिचं, आठवडाभर राबून सुकलेलं. तू पाठवतेस त्यानेच पोरीला त्रास होत होता, हे त्या तोंडाला कसं सांगायचं? दिवसाचं दूध सकाळीच देऊन झालेलं, म्हणून मी कपात दुधासारखी दिसणारी भाताची पेज भरली आणि पोरीच्या हातात दिली. शेवटच्या घोटापर्यंत जोव्ही नुसती बघत राहायची. पुढच्या खोक्यात आठ डबे आले. मी ते पलंगाखाली सारले.

चार महिने असे काढले. मग एका रविवारी आयेन ओठ पुसून म्हणाली, "आई, ही पेज आहे. तुझे डबे लोलाने पलंगाखाली ठेवलेत. खूप दूध प्यायलं की शी अडते."

जोव्ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर द्यायची मला सवय आहे.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता बरी आहे. पपई देते, पाला देते."

मग आपल्या नानायला, म्हणजे मला, म्हणाली, "इथल्या पोराला मी रोज सकाळी पपई भरवते, नानाय. त्यालाही हेच होत होतं. मीच बरं केलं त्याला. मला एकदा विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

आपल्या पोरीसाठी दुरून करता येईल अशी एवढी एक गोष्ट होती तिच्याजवळ, आणि तीही मी तिला करू दिली नाही.

"मग आता मी काय पाठवू?"

"काही नको गं. इथे सगळं आहे."

तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हटलं मी. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतरच्या खोक्यात साबण आला, माझ्यासाठी चपला आल्या, पोरीसाठी काहीच नव्हतं. फोन अजूनही येतो, पण पोटाचं ती विचारत नाही. "बरी आहे ना?" एवढंच.

आयेन पायरीवर बसून पपई खाते, माझ्या मोठ्या चमच्याने. तो तिच्या तोंडात मावत नाही, अर्धी पपई अंगावर सांडते. रोज बघते मी. एक छोटा चमचा पाठव, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.