जाळी दोन बोटं वर

एका खांद्यावर टॉवेल, दुसऱ्या खांद्याला कपड्यांची पिशवी, कडेवर ठकू आणि उरलेल्या हातात साबणाची डबी, असा सगळा संसार सांभाळत ती जिना चढत होती. मधल्या वळणावर डबी निसटली आणि टणटण करत पार खालच्या दारापर्यंत गेली. सव्वा वर्षाच्या ठकूला हा खेळ इतका पसंत पडला की तिने आईच्या खांद्यावरचा टॉवेलही ओढून जिन्यात सोडून दिला.

वरच्या काकूंनी बेल वाजायच्या आत दार उघडलं. बाई भल्या होत्या. सुरुवातीला त्या “आपलंच घर समज” म्हणायच्या, मग नुसतं “ये” म्हणायला लागल्या, आणि आता दार उघडून सरळ स्वयंपाकघरात निघून जायच्या. जाता जाता एवढंच विचारायच्या,

“आज कोण? प्लंबर की मिस्त्री?”

म्हणजे आज कोण आलं नाही.

“दोघंही,” ती म्हणाली आणि ठकूला घेऊन दुसऱ्याच्या बाथरूममध्ये शिरली. तिथला प्रत्येक नळ तिला आता घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला होता.

खाली त्यांच्या स्वतःच्या बाथरूममध्ये उघड्या विटा होत्या, सिमेंटची अर्धी गोणी होती आणि भिंतीतून बाहेर डोकावणारे पाइप होते. ठकू रोज सकाळी त्या पाइपांना हात हलवून टाटा करायची. काम काढलं तेव्हा दोन आठवड्यांत उरकेल असं ठरलं होतं. आता महिना संपत आला, आणि महिना संपला की तिला कामावर हजर व्हायचं होतं. रजा एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर साहेबांनी फक्त “पाहू” म्हटलं होतं, आणि तो “पाहू” तिला अजिबात आवडला नव्हता. ठकूला सांभाळायला तिची आई येणार होती. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायची तिला सक्त मनाई. अंघोळीला वर जायचं असेल तर आई येऊ शकत नव्हती, आणि आई आली नाही तर नोकरीवर पाणी सोडायचं. एक पाळणाघर तिने बघून ठेवलं होतं. तिथल्या खिडकीची कडी लहान मुलाच्या हाताला लागते हे तिला दारातूनच दिसलं आणि ती तशीच मागे फिरली.

आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, झालं का गं. ती म्हणायची, होतच आलंय. हे वाक्य ती मिस्त्रीकडूनच शिकली होती.

त्या दोघांची भाषा तिला एव्हाना पाठ झाली होती. “येतोय” म्हणजे अजून अंथरुणात. “निघालोय” म्हणजे चहाच्या टपरीवर. आणि “पोचलोच” म्हणजे आता उद्याच. प्लंबरच्या सासूबाई सारख्या आजारी पडत आणि मिस्त्रीची मोटरसायकल दर वेळी नव्या चौकात बंद पडे. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणायचा, “होईल गं.” त्याचा सगळ्यांवर विश्वास होता. तो रोज सकाळी वर अंघोळ करून, काकूंकडचा चहा घेऊन, शीळ घालत ऑफिसला जायचा.

त्या दिवशी दुपारी मात्र प्लंबर खरोखरच उगवला. त्याने दारात चपला काढल्या, बाथरूममध्ये डोकावून पाहिलं आणि बाहेर काढलेला पाना तसाच परत पिशवीत घातला. फरशी बसल्याशिवाय मी नळ कुठे लावू, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. इतके दिवस गिळलेलं सगळं तिने एका दमात बाहेर काढलं. मिस्त्री कसा थापाड्या आहे, कसा ताकास तूर लागू देत नाही, फोन उचलून कसा गाड्यांचे आवाज ऐकवतो, आणि असल्या माणसाशी प्लंबरने तरी कसा काय संबंध ठेवला.

प्लंबरने पिशवीची चेन लावली.

“संबंध ठेवावाच लागतो, ताई. व्याही आहेत ते माझे.”

तिने जीभ चावली. ठकूच्या तोंडातला चमचा उगाचच काढून पदर नसल्यामुळे ओढणीला पुसला आणि परत तिच्या हातात दिला.

“त्यांची मुलगी आमच्याकडे दिलीय,” तो म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. “पोरगी गुणाची आहे. आमच्या घराला शिस्त लावली तिनं.” मग त्याने आवाज खाली आणला. “काही बोलले का ते? माझ्या कामाबद्दल?”

“नाही.”

“काहीच नाही?”

ती नाही म्हणाली. त्याने बाथरूमच्या दिशेने एकदा पाहिलं, आणि चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी तिने मिस्त्रीला फोन लावला. या वेळी तोंड सांभाळून. प्लंबर येऊन गेला, तुमच्या फरशीसाठी अडलाय, एवढंच सांगितलं. पलीकडे नेहमीचे गाड्यांचे आवाज एकदम थांबले.

“त्यांचं काम एकदम चोख असतं हं, ताई,” मिस्त्री म्हणाला. “बोट दाखवायला जागा नाही.”

हे तिने विचारलंच नव्हतं. ती काही बोलायच्या आत त्याने “पोचलोच उद्या” म्हणून फोन ठेवला.

मूल झाल्यापासून तिला न विचारता मिळालेल्या उत्तरांचा वास यायला लागला होता. ठकू गप्प असली की ती धावत जाऊन बघायची, आणि बहुतेक वेळा तोंडात काहीतरी सापडायचं. ती फोन हातात धरून तशीच बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. मिस्त्री शेवटचा आला होता तो दिवस तिने आठवून पाहिला. पातळी बघायला त्याच्याकडे पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी होती. तिचं एक टोक त्याने हॉलच्या फरशीशी धरलं, दुसरं आत, जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीशी. एकदा पाहिलं. परत पाहिलं. मग कुणाचंतरी पत्र चुकून वाचल्यासारखा चेहरा करून त्याने नळी गुंडाळली आणि “येतो उद्या” म्हणून जो गेला तो गेलाच.

तिने खिडकीच्या पडद्याचा दांडा काढून आणला. एक टोक जाळीवर टेकवलं आणि दांडा आडवा, सरळ, दाराबाहेर हॉलपर्यंत धरला. बाहेरचं टोक हॉलच्या फरशीला टेकेना. खाली चांगली दोन बोटं फट राहिली, आणि ठकूने लगेच त्या फटीत हात घालून ती किती आहे हे दाखवून दिलं.

म्हणजे जाळी हॉलपेक्षा उंच. तिच्या पातळीला फरशी बसवली की अंघोळीचं सगळं पाणी सोफ्याखाली. प्लंबरने जाळी दोन बोटं वर बसवली होती, आणि मिस्त्रीला ते पहिल्या नजरेत कळलं होतं. कळून सांगणार कोणाला? मुलीच्या सासऱ्याला? आज इथे त्याच्या कामात खोट काढायची, आणि उद्या तिकडे कुणी मुलीला चहाच्या कपावरून दोन शब्द जास्त ऐकवले, तर रात्रभर छताकडे बघत पडायचं.

रात्री जेवताना तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग सरळ सांगून टाक ना प्लंबरला, त्यात काय एवढं.

“तुझी मुलगी अजून लहान आहे,” ती म्हणाली, आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

सकाळी ठकूचे केस विंचरता विंचरता तिने आरशासमोर बोलणं घोटून घेतलं आणि फोन लावला.

“दादा, चूक माझी झाली. माझ्या आईला गुडघ्यामुळे दारात जराही चढ चालत नाही. बाथरूम हॉलपेक्षा खाली हवी, हे मी तुम्हाला सांगायलाच विसरले. आता जाळी खाली घ्यावी लागेल. तुम्हाला उगाच दुप्पट काम.”

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“विसरलात तुम्ही?”

“विसरले.”

“होतं असं, ताई, लहान मूल असलं की,” प्लंबर मोठ्या मनाने म्हणाला. “पोचलोच.”

आणि तो पोचला. तिने ठकूच्या डोक्याला टोपी, कानांना रुमाल, असा बंदोबस्त करून तिला आतल्या खोलीत नेलं, तरी हातोडीच्या प्रत्येक घावाला ठकू टाळ्या वाजवत होती. धूळ खाली बसली तेव्हा जाळी नव्या जागी गेली होती. प्लंबर घाम पुसत बाहेर आला. व्याह्यांना तुम्हीच फोन करा, असं त्याने सुचवलं. ताईंच्या सांगण्यावरून खाली घेतली, असं कळवा.

“कळवते.”

“बरं झालं, ताई,” तो छिन्नी झटकत म्हणाला, “तुम्ही विसरलात ते.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो छिन्नी फारच मन लावून झटकत होता.

मिस्त्री चहा उतू जायच्या आत आला. त्याची मोटरसायकल त्या दिवशी कुठल्याच चौकात बंद पडली नाही. बाथरूमच्या अरुंद दारात दोघं समोरासमोर आले आणि तिथेच अडले. या, आधी तुम्ही. छे, तुम्ही असताना मी कसा. अहो, काम तुमचं आहे आता. तुम्ही केलंत म्हणून माझं आहे. हे आता जेवणाच्या वेळेपर्यंत चालणार असं वाटत असतानाच टोपी घातलेली ठकू डुलत डुलत दोघांच्या मधून आत गेली आणि गोणीवर बसली. मिस्त्रीने नळी लावली, एकदाच पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं.

“काम म्हणजे काम आहे बुवा तुमचं,” तो व्याह्याला म्हणाला.

मग मात्र कामाने वेग घेतला. दोघं एकाच वेळी येऊ लागले, एकाच डब्यातून जेवू लागले. डबा मिस्त्रीच्या मुलीने, म्हणजे प्लंबरच्या सुनेने भरलेला असे, आणि दोघंही तो आपल्याच घरचा आहे असं सांगत. भिंती पांढऱ्या झाल्या, फरशी बसली, एक बादली पाणी ओतून पाहिलं तर ते शाळा सुटल्यासारखं जाळीकडे पळालं. तिने आईला फोन केला. झालं, या वेळी खरंच झालं, असं सांगितलं.

आई यायच्या आदल्या दिवशी फक्त गीझर जोडायचा राहिला होता. प्लंबर सकाळी येतो म्हणाला होता. पण नवऱ्याला अचानक स्फुरण चढलं. दोन नळ्या तर जोडायच्या आहेत, असं म्हणत त्याने प्लंबरला स्वतः फोन करून ‘यायची गरज नाही’ असं कळवलं, आणि पाना घेऊन आत गेला. तासाभराने तो कोपरापर्यंत भिजून, विजयी चेहऱ्याने बाहेर आला. तिचा जीव इतका भांड्यात पडलेला होता की कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने जाऊन तपासून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी आई आली. काठी टेकत, एक एक पाऊल मोजून आत आली आणि ठकूचा पापा घेतल्यावरच खाली बसली. जावयाने तिला हात धरून नवी बाथरूम दाखवली. उंबरा नाही, चढ नाही, धरायला दांडा आहे.

“आणि हा गीझर, आई, मी स्वतः जोडला.”

“हो का? अगबाई,” आई कौतुकाने म्हणाली, आणि प्रवासाची धूळ धुवायला लगेच आत गेली.

आई फार लवकर बाहेर आली. नवरा दारातच उभा होता.

“पाणी कडक आलं ना, आई?”

“कडक म्हणजे काय, वाफाच वाफा,” आई म्हणाली, आणि बॅगेतून शाल काढून तिने अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली. दुसरा कप चहा मिळेल का, असंही विचारलं.

थोड्या वेळाने ठकूचे हातपाय धुवायला ती आत गेली. लाल खुणेचा नळ सोडला आणि सवयीने आधी कोपर पाण्याखाली धरलं. चटकन मागे घेतलं. थांबून पाहिलं, पाणी आणखीच गार झालं. समोरचा आरसा लख्ख होता, वाफेचा एक ठिपका त्यावर नव्हता. तिने वर पाहिलं. गीझरच्या लाल खुणेला गार पाण्याची नळी होती आणि निळ्या खुणेला गरम पाण्याची, दोन्ही अगदी घट्ट आवळलेल्या.

ती बाहेर आली तेव्हा आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, कप दोन्ही हातांत धरून. ठकू शालीत शिरली होती. पाना कसा धरायचा, किती आटे फिरवायचे, हे जावई समजावून सांगत होता.

“तुमच्या हाताला कसब आहे हो,” आई म्हणत होती. बोलता बोलता तिची नजर लेकीकडे गेली, लेकीच्या ओल्या कोपराकडे गेली, आणि तिने अगदी किंचित मान हलवली. नाही.

ती बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं आणि फोन लावला.

“दादा, गीझरचं जरा बघायचं होतं.”

“साहेबांनी जोडला तो? आत्ता येतो, जवळच आहे.”

“आत्ता नको.” तिने काचेतून आत पाहिलं. नवरा हवेत पाना फिरवून दाखवत होता. “उद्या या. ते ऑफिसला गेले की.”

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

“गीझरचं मला काही माहीत नाही, ताई,” प्लंबर म्हणाला. “मी आपला एक नळ घट्ट करायचा राहिला होता, त्यासाठी येईन.”

“हो,” ती म्हणाली. “नळच.”

तो येईल का, किती वाजता येईल, हे तिने विचारलं नाही. आत येऊन तिने गॅसवर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. एवढं पाणी कशाला, असं नवऱ्याने हॉलमधूनच विचारलं.

“ठकूच्या बाटल्या उकळायच्यात.”

“भरपूर ठेव गं,” शालीतून आई म्हणाली.